बैल गाडी ओढतो तेव्हा नेमकं काय घडतं? जू, चाक आणि चिखलाचं भौतिकशास्त्र

नववीच्या विज्ञानात 'गतीचे नियम' हा धडा असतो. त्यात न्यूटनचा तिसरा नियम येतो: प्रत्येक क्रियेला तेवढीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया असते. हा नियम शिकवला की वर्गातला एखादा पोरगा हमखास विचारतो, "सर, बैल गाडीला जेवढ्या जोरानं पुढं ओढतो, तेवढ्याच जोरानं गाडी बैलाला मागं ओढते. मग गाडी हलतेच कशी?" प्रश्न एकदम बरोबर आहे. उत्तर मात्र बहुतेक वेळा "परीक्षेला एवढंच लिहा" असं मिळतं.

मला हा प्रश्न वर्गात पडला नाही, शेतात पडला. आमचं गाव हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. मी सातवीत असताना परतीच्या पावसानंतर सोयाबीनची पोती घरी आणताना आमची गाडी नाल्याच्या चढावर रुतली. काकांनी बैलांना चाबकानं झोडपलं. बैल जीव खाऊन जोर लावत होते, पण गाडी इंचभर हलेना. मागून आबा (माझे आजोबा) आले आणि म्हणाले, "मारून काय व्हायलंय? खूर सरकायलेत त्यांचे. पोती उतरव आधी." आठ पोती उतरवली आणि गाडी निघाली.

त्या दिवशी मला वाटलं, बैल दमले होते. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की आबांनी एका वाक्यात घर्षणाचा अख्खा धडा सांगितला होता. या लेखात तोच हिशोब आकड्यांसकट मांडतोय. शेवटी आमची गाडी का अडकली हेही गणितानं बघू.

## आधी एक छोटी सोय

भौतिकशास्त्रात बल न्यूटनमध्ये मोजतात. पण 'सहाशे न्यूटन' म्हटलं की डोळ्यांसमोर काही येत नाही. १ किलोची वस्तू हातात धरून ठेवायला साधारण १० न्यूटन (नेमकं सांगायचं तर ९.८) बल लागतं. म्हणून खाली मी 'किलोचा जोर' असं लिहिणार आहे. '६० किलोचा जोर' म्हणजे ६० किलोचं पोतं उचलून धरायला लागतो तेवढा जोर, सुमारे ६०० न्यूटन.

अजून एक. चाक, चिखल, खूर यांचे जे गुणांक मी वापरलेत ते अंदाजे आणि पूर्णांकात घेतलेले आहेत. माती बदलली, ओल बदलली की ते बदलतात. पण हिशोबाची पद्धत तीच राहते.

## तिसऱ्या नियमाचं कोडं कसं सुटतं?

चूक अशी होते की आपण दोन वेगळ्या वस्तूंवरची बलं एकाच खात्यात टाकतो आणि म्हणतो 'वजाबाकी शून्य'. तुमच्या खात्यातून माझ्या खात्यात १०० रुपये आले तर तुमचे १०० कमी झाले आणि माझे १०० वाढले. दोन्हींची बेरीज शून्य आहे म्हणून 'काहीच घडलं नाही' असं कुणी म्हणत नाही.

तसंच इथे. प्रत्येक वस्तूचं वेगळं खातं उघडायचं. गाडी हलेल की नाही हे ठरवताना फक्त गाडीवर लागणारी बलं बघायची. बैलांवर लागणारी बलं बैलांच्या खात्यात.

समजा माल धरून गाडी १२०० किलो, बैलजोडी मिळून ९०० किलो. रस्ता पांदीचा, कच्चा पण कोरडा. अशा रस्त्यावर गाडी नुसती चालू ठेवायला ६० किलोचा जोर लागतो. आता गाडी थांबलेली आहे आणि बैल ती दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद इतका वेग वाढेल अशी ओढायला लागतात.

गाडीचं खातं
- बैल पुढे ओढतात: १२० किलो
- चाकाचा आणि रस्त्याचा विरोध, मागे: ६० किलो
- शिल्लक: ६० किलो पुढे, म्हणजे ६०० न्यूटन. भागिले १२०० किलो, त्वरण ०.५

बैलांचं खातं
- जमीन खुरांना पुढे ढकलते: १६५ किलो
- गाडी बैलांना मागे ओढते: १२० किलो
- शिल्लक: ४५ किलो पुढे, म्हणजे ४५० न्यूटन. भागिले ९०० किलो, त्वरण ०.५

दोन्ही खात्यांत १२० चा आकडा आहे. तोच तिसरा नियम. पण एकीकडे तो पुढच्या दिशेनं आहे आणि दुसरीकडे मागच्या. दोन्हींचं त्वरण सारखं आलं, कारण गाडी आणि बैल एकत्रच चालतात.

आता बैलांच्या खात्यातली पहिली ओळ परत वाचा. बैलांना पुढे ढकलते ती जमीन. बैल खुरानं जमिनीला मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते. बैलाची ताकद स्नायूंत असते हे खरं, पण ती गाडीपर्यंत पोचते ती खूर आणि माती यांच्यातल्या घर्षणातून. ते घर्षण नसेल तर बैल कितीही दांडगा असो, पाय जागच्या जागी घसरणार. ओल्या फरशीवर कपाट ढकलून बघितलं असेल तर हा अनुभव तुम्हालाही आलेला आहे.

वेग एकसारखा झाला की त्वरण शून्य होतं. मग बैलांना १२० नाही, फक्त ६० किलोचा जोर लावावा लागतो. म्हणूनच गाडी सुरू करताना बैल मान खाली घालून, अंग पुढे झुकवून जोर लावतात आणि एकदा चाक फिरलं की आरामात चालतात.

## बैलाची ताकद किती?

आपल्या भागात देवणी आणि लाल कंधारी या दोन जाती पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. कामाचा चांगला बैल ४०० ते ५०० किलोच्या आसपास भरतो. मी हिशोबाला ४५० धरतो.

ढोबळ नियम असा आहे की बैल दिवसभर न थकता स्वतःच्या वजनाच्या सुमारे १० टक्के जोर लावू शकतो. म्हणजे एका बैलाचा ४५ किलो, जोडीचा ९०. थोड्या वेळासाठी, खड्ड्यातून गाडी काढताना वगैरे, तो याच्या कितीतरी पट जोर लावतो, पण काही सेकंदच. तुम्ही जिना धावत चढू शकता, पण दिवसभर नाही, तसंच.

शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. जोडीचा ९० किलो म्हणजे ९०० न्यूटन. चाल साधारण ०.९ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सव्वातीन किलोमीटर. गुणाकार ८१० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे बैलजोडी जेमतेम सव्वा अश्वशक्तीच्या आत. विहिरीवरची साधी मोटर यापेक्षा जास्त अश्वशक्तीची असते. पण मोटर ऐन गरजेच्या वेळी एकदम तिप्पट-चौपट जोर देत नाही आणि बांधावरचं गवत, कडबा खाऊन चालत नाही, हा फरक लक्षात ठेवायला हवा.

## गाडीला किती जोर लागतो?

१२०० किलोची गाडी ओढायला १२०० किलोचा जोर लागत नाही. चाकाची सगळी कमाल हीच आहे. सपाट रस्त्यावर लागणारा जोर = एकूण वजन × लोटण घर्षणाचा गुणांक. हा गुणांक चाक आणि रस्ता दोघांवर अवलंबून असतो.

| रस्ता आणि चाक | गुणांक (अंदाजे) | १२०० किलोला लागणारा जोर |
|---|---|---|
| डांबरी रस्ता, हवेचं टायर | ०.०२ | २४ किलो |
| कोरडी कच्ची पांद | ०.०५ | ६० किलो |
| ओली काळी माती, लोखंडी धाव | ०.१५ | १८० किलो |
| खूप रुतणारा चिखल किंवा वाळू | ०.२५ किंवा जास्त | ३०० किलोच्या पुढे |

हा तक्ता जोडीच्या ९० किलोशी ताडून बघा. डांबरीवर बैल हसत खेळत जातील. पांदीतही चालतील. ओल्या काळ्या मातीत मात्र दुप्पट जोर लागतो, तोही सतत.

काळ्या मातीचं असं का होतं? ही माती चिकण आहे. पाणी मिळालं की तिचे कण फुगतात आणि मऊ पडतात. चाक त्यात रुततं. रुतलेल्या चाकापुढे मातीचा छोटा उंचवटा तयार होतो आणि चाक सतत त्या उंचवट्यावर चढत राहतं. म्हणजे रस्ता सपाट दिसत असला तरी चाकासाठी तो कायम चढच असतो. वर चिखल धावेला आणि आऱ्यांत चिकटून बसतो, त्याचं वजन वेगळं.

### चाक मोठं का असतं?

जुन्या लाकडी गाडीची चाकं माणसाच्या छातीला लागतील एवढी मोठी. त्याला कारण आहे. समजा वाटेत ५ सेंटीमीटर उंचीचा दगड आडवा आला. ७० सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकाला तो पार करायला चाकावरच्या वजनाच्या साधारण ४० टक्के आडवा जोर लागतो. ३५ सेंटीमीटर त्रिज्येच्या चाकाला त्याच दगडासाठी ६० टक्के लागतो. मोठं चाक दगडाला कमी उभ्या कोनातून भेटतं. ते चिखलातही कमी रुततं, कारण त्याचा जास्त लांब भाग जमिनीला टेकतो.

### वंगण आणि बेअरिंग

चाकाच्या मध्यभागी तुंबा, त्यातून जाणारा आख. दोघांच्या घासण्यातही जोर जातो, पण तो 'आखाची त्रिज्या भागिले चाकाची त्रिज्या' या प्रमाणात कमी होतो. आखाची त्रिज्या अडीच सेंटीमीटर, चाकाची ७० सेंटीमीटर आणि वंगण सुकलेलं धरलं (गुणांक ०.२), तर १२०० किलोला साधारण साडेआठ किलोचा जोर जातो. चांगलं वंगण घातलं तर तो निम्म्यावर येतो.

आता चाक ३५ सेंटीमीटरचं केलं तर हाच तोटा दुप्पट, सतरा किलो. म्हणजे छोट्या टायरच्या गाडीला बॉल बेअरिंग ही चैन नाही, गरज आहे. बेअरिंग टाकलं की तोटा पाव किलोच्याही खाली जातो. टायर आणि बेअरिंग ही जोडी म्हणूनच एकत्र आली. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्याकडे जाणाऱ्या टायरगाड्या उसाची एवढी मोळी कशी ओढतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं उत्तर बैलांच्या सोसण्यात आहे, त्याकडे पुढे येतो.

## चढ लागला की

चढाचा हिशोब सोपा आहे. २० फूट पुढे गेल्यावर १ फूट वर चढत असू तर तो २० ला १ चा चढ. तेव्हा एकूण वजनाच्या विसाव्या भागाएवढा जोर जास्त लागतो. १२०० किलोला ६० किलो.

इथे एक गोष्ट सहज सुटते. बैलाला स्वतःचं अंगही वर चढवायचं असतं. ९०० किलोच्या जोडीला त्यासाठी ४५ किलो लागतात. हा जोर गाडीला मिळत नाही, पण खुरांना जमिनीकडून तो घ्यावाच लागतो.

## आमची गाडी का अडकली?

आता सगळे तुकडे जोडू. गाडी ३०० किलो, त्यावर ५० किलोची १८ पोती म्हणजे ९०० किलो. एकूण १२००. ओली काळी माती, २० ला १ चा चढ.

खुरांना जमिनीकडून हवा असलेला जोर:
- चिखलातून चाक लोटायला: १८०
- गाडी चढवायला: ६०
- बैलांना स्वतः चढायला: ४५
- एकूण: २८५ किलो

आणि जमीन किती देऊ शकते? खूर आणि ओली माती यांच्यातला घर्षण गुणांक ०.३ धरू. कोरड्या मातीत तो ०.६ च्या आसपास असू शकतो, पण पाऊस पडून गेला होता. बैलांचं वजन ९०० गुणिले ०.३, म्हणजे २७० किलो.

हवेत २८५, मिळतात जास्तीत जास्त २७०. त्याच्या वर एक किलोही जोर लावला की खूर सरकणार. गाडी जागची हलवायला लागणारा जास्तीचा जोर तर मी अजून धरलेलाच नाही.

चाबकानं यातलं काय बदलतं? चाबकानं बैल स्नायूंचा जोर वाढवतो. पण अडचण स्नायूंची नव्हतीच. २७० ही मर्यादा मातीची होती. जास्त जोर लावला तर खूर घसरतो, आणि घसरायला लागल्यावर घर्षण आणखी कमी होतं. म्हणजे प्रत्येक फटक्यानं गाडी निघण्याची शक्यता वाढत नव्हती, कमी होत होती. बैल हट्टी नव्हते, कामचुकार तर अजिबात नव्हते. अशक्य असलेल्या गोष्टीसाठी ते मार खात होते.

आता आबांचा उपाय. आठ पोती उतरवली, ४०० किलो कमी. गाडी ८०० किलो.
- चिखलातून: १२०
- चढ: ४०
- बैलांचं स्वतःचं: ४५
- एकूण: २०५ किलो

मर्यादा २७० च आहे. आता ६५ किलो हाताशी शिल्लक, त्यातून गाडी हलवायचा जोरही मिळतो. गाडी निघाली. उतरवलेली पोती आम्ही पाठीवर टाकून वर नेली. माझ्या वाट्याला एकही पोतं आलं नाही, मी कासरा धरून उभा होतो. काका मात्र त्या दिवशी काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनीच बैलांच्या पाठीला हळद-तेल लावलं.

## मानेवरचं वजन: गाडी 'उलाळ' का होते?

आतापर्यंत आपण पुढच्या ओढीचं बघितलं. दोन चाकी गाडीत आणखी एक बल असतं: जुवातून बैलांच्या मानेवर खाली येणारं वजन.

दोन चाकी गाडी म्हणजे तराजू. आख हा मध्यबिंदू. माल आखाच्या थोडा पुढे असेल तर काही वजन मानेवर येतं. मागे गेला तर धुरा वर उचलला जातो, जू बैलांच्या गळ्याकडे ओढलं जातं. यालाच गाडी उलाळ होणं म्हणतात. म्हणून जाणता माणूस माल भरताना पुढचं-मागचं वजन हातानं जू उचलून बघतो.

चढ आला की हा तोल आपोआप बिघडतो. समजा चाकं सोडून गाडीचं आणि मालाचं वजन १००० किलो आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य आखाच्या ६० सेंटीमीटर वर आहे. १० ला १ चा चढ चढताना हा मध्य आखाच्या मानानं ६ सेंटीमीटर मागे सरकतो. आखापासून जू ३ मीटर लांब धरलं तर मानेवरचं वजन २० किलोनं कमी होतं. सपाटीला मानेवर २० किलो असतील तर इथे शून्य. चढ आणखी वाढला की गाडी उलाळ. उतारावर बरोबर उलटं: मानेवर २० किलो जास्त. माल जितका उंच रचाल तितका हा फरक मोठा. कडब्याची किंवा उसाची गाडी चढावर का घाबरवते ते यावरून कळेल.

उतारावर आणखी एक संकट. टायरची १२०० किलोची गाडी १० ला १ च्या डांबरी उतारावर असेल तर गुरुत्व तिला १२० किलोनं पुढे ढकलतं, चाकाचा विरोध फक्त २४ किलो. उरलेला ९६ किलोचा रेटा बैलांनी मानेनं आणि जोत्यानं थोपवायचा. ब्रेक नसलेल्या टायरगाडीला उतार चढापेक्षा जास्त धोकादायक असतो, तो यामुळे. त्यात डांबरीवर लोखंडी नाल घसरते.

मानेवरचा हा भार कमी करण्यासाठी सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 'सारथी' नावाचा प्रकल्प केला होता. २०२२ मध्ये त्याचे फोटो सगळीकडे फिरले. कल्पना साधी: दोन बैलांच्या मधोमध, जुवाखाली एक तिसरं चाक. जुवावर येणारं उभं वजन ते चाक जमिनीवर नेतं. बैलांना फक्त पुढे ओढायचं काम उरतं. उसाच्या गाडीत हा फरक बैलांना जाणवण्यासारखा आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदमळणी करतात, बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून चोळतात. वर्षभर सगळी ओढ त्या तळहाताएवढ्या जागेतून गेलेली असते. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. जू अरुंद किंवा खडबडीत असेल तर तेवढाच जोर कमी जागेवर येतो आणि खांदा सुजतो. जू रुंद, गुळगुळीत ठेवणं हा वर्षभराचा उपाय आहे.

## दोन बैल सारखे नसतील तर?

एक बैल जुना, दुसरा नवा, असं नेहमीच होतं. जू ही तरफ आहे. धुऱ्याला ते जिथे बांधलंय तो टेकू. टेकू बरोबर मध्यात असेल तर दोघांनाही सारखाच जोर लावावा लागतो. अशक्त बैल मागे पडतो, जू तिरकं होतं आणि गाडी एका बाजूला ओढली जाते.

उपाय असा की टेकू ताकदवान बैलाकडे सरकवायचा. दोन्ही मानांमधलं अंतर ११० सेंटीमीटर असेल आणि टेकू मध्यापासून ५ सेंटीमीटर सरकवला, तर एका बाजूला ५० आणि दुसऱ्या बाजूला ६० राहतात. एकूण ९० किलोच्या ओढीत ताकदवान बैल ४९ आणि अशक्त बैल ४१ किलो ओढेल. फक्त ५ सेंटीमीटरमध्ये ८ किलोचा फरक.

## नांगराला वेगळा नियम

जमिनीवरून लाकडाचा ओंडका ओढायचा असेल तर दोर थोडा वरच्या दिशेनं असलेला बरा. ओढीचा काही भाग ओंडक्याला उचलतो आणि घर्षण कमी होतं. २०० किलोचा ओंडका, गुणांक ०.६: आडवा ओढला तर १२० किलो, २० अंशाच्या कोनात १०५ किलो. त्यापुढे कोन वाढवून फारसा फायदा नाही.

नांगराचं उलटं आहे. तिथे फाळ जमिनीत राहायला हवा. ओढ जास्त उभी झाली की फाळ वर येतो. म्हणून नांगर उथळ चालत असेल तर दोर किंवा दांडी लांब करतात आणि कोन कमी करतात. नांगर, वखर, तिफण यांना किती ओढ लागते हे दोरात बलमापक लावून मोजतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या वापरावर संशोधन प्रकल्पच चालतो.

## कायदा काय म्हणतो?

ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. ३५० किलोपेक्षा जास्त वजनाच्या एका बैलासाठी दोन चाकी गाडीची मर्यादा, गाडीच्या वजनासकट, अशी आहे:

- साधं चाक: ९०० किलो
- हवेचं टायर: १३५० किलो
- बॉल बेअरिंग: १८०० किलो

दोन बैल असतील तर दुप्पट. लांबच्या, ३० मीटरला ३ मीटरपेक्षा जास्त असलेल्या चढावर मर्यादा निम्मी. दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. ३७ अंशांवर तापमान जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ काम नाही. अणकुचीदार पराणी वापरायला मनाई आहे.

हे आकडे वरच्या तक्त्याशी जुळतात का बघा. चाक सुधारलं की मर्यादा वाढते, चढ आला की निम्मी होते. पण नियमात चिखलाचा उल्लेख नाही. आमची १२०० किलोची गाडी कायद्यानं पूर्ण चालणारी होती, मातीनं मात्र नाही. कागदावरची मर्यादा कोरड्या रस्त्याची समजा.

## गाडी रुतली तर काय करायचं?

१. आधी खूर बघा. खूर सरकत असतील तर प्रश्न पकडीचा आहे. मारून उपयोग शून्य. खूर घट्ट असून गाडी हलत नसेल तर प्रश्न ताकदीचा आहे.
२. वजन उतरवा. एकाच वेळी लोटण आणि चढ दोन्ही कमी होतात.
३. चाकापुढची माती काढा. चाक ज्या उंचवट्यावर चढायला बघतंय तोच काढून टाकायचा. आऱ्यांतला चिखलही काढा.
४. खुरांखाली पकड द्या. तुराट्या, पाला, मुरूम, काहीही.
५. चाकाचा वरचा आरा ओढा. चाकाचा वरचा भाग आखाच्या दुप्पट अंतर जातो, म्हणून तिथे लावलेला ३० किलोचा जोर आखावर लावलेल्या ६० किलोएवढं काम करतो. दोन माणसं दोन चाकांना लागली की बैलांचा बराच भार कमी होतो. गाडी सुटल्यावर हात आऱ्यांतून लगेच काढा.
६. बैलांना दम खाऊ द्या. तो जास्तीचा जोर काही सेकंदांपुरताच असतो, तो परत भरायला वेळ लागतो.

## नेहमी पडणारे दोन प्रश्न

जड बैल जास्त ओढतो का? हो, दोन कारणांनी. स्नायू जास्त असतात आणि खुरांवर वजन जास्त असल्यानं पकडही जास्त मिळते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरतात ते याच दुसऱ्या कारणासाठी.

मग मानेवर वजन टाकलं तर पकड वाढेल का? वाढेल. मानेवर ३० किलो आले तर ०.३ गुणांकानं पकड ९ किलोनं वाढते. पण त्या ९ किलोंसाठी ३० किलो मानेनं पेलायचे. चढावर घटकाभर चालतं, दिवसभर नाही.

आमच्याकडे आता बैल नाहीत, सोयाबीन ट्रॅक्टरनं येतं. मागच्या पावसाळ्यात त्याच नाल्याच्या चढावर ट्रॅक्टरची ट्रॉली रुतली आणि मागची चाकं जागेवर गरागरा फिरायला लागली. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबत होता. काकाच म्हणाले, "दाबून काय व्हायलंय? पोती उतरव आधी."